इंजिनबदल आणि हेडच्या स्टडांची कैफियत

मोटारीचे इंजिन बदलले, तर त्याची वर्दी सरकारदप्तरी पोहोचली पाहिजे, असा आपल्याकडे कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम याविषयी पुरेसे स्पष्ट असून, पूर्वपरवानगीवाचून इंजिन बदलले गेले असल्यास मालकाने चौदा दिवसांच्या मुदतीत नोंदणी अधिकाऱ्यास तो फेरफार कळवावा आणि नोंदणीचा दाखला त्याच्यापुढे रुजू करावा, अशी तजवीज त्यात केलेली आहे. निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार वाहनात करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीतील एका निर्णयात पुन्हा बजावलेही आहे. हे सर्व योग्यच झाले. परंतु ज्या इंजिनाचा क्रमांक एवढ्या दक्षतेने टिपला जातो, त्याचे मस्तक त्याच्या धडावर ज्या मूठभर पोलादी दांड्यांनी धरून ठेवलेले असते, त्या दांड्या नव्या आहेत की जुन्या, आणि जुन्या असल्यास कोणी मोजून पाहिल्या आहेत की नाहीत, हा प्रश्न सरकार विचारीत नाही, विमा कंपनी विचारीत नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की, ज्याच्या खिशातून पैसे जातात तो मालकही विचारीत नाही. सरकारने तो विचारावा असे माझे मुळीच म्हणणे नाही, कारण त्याच्या दप्तरात कागदांची वाण कधीच नव्हती. मालकाने मात्र तो अवश्य विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

इंजिनबदल हा आपल्या प्रांताला नवा विषय नव्हे. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू केली तेव्हापासून कित्येक वर्षे या गाड्या पेट्रोलवर धावल्या. पुढे १९७९ मध्ये त्याच कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाच्या उत्पादनाचा परवाना मिळविला, आणि डिझेलची जीप किती स्वस्तात चालते हे दिसू लागताच जुन्या पेट्रोल जीपच्या मालकांनाही आपल्या गाडीचे पोट बदलून घेण्याचा मोह झाला. कोकणच्या घाटांत आणि सातारा-सांगलीच्या वडापांत ज्या जीपा पुढे वर्षानुवर्षे माणसांनी ओसंडून धावल्या, त्यांतील पुष्कळांच्या छातीत जन्मतः असलेले हृदय राहिलेले नव्हते. आज तो काळ सरला आहे. कायदा अधिक कडक झाला आहे आणि इंजिन बदलणारा मनुष्यही बदलला आहे. कोणी जुन्या जीपचा शौकीन तिच्यात त्याच घराण्याचे दुसरे इंजिन बसवू पाहतो, तर कोणी टेम्पोवाला आपल्या गाडीचे ‘फुल इंजिन’ काम परवडत नाही म्हणून कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या भंगार बाजारातून सुस्थितीत दिसणारे इंजिन उचलून आणतो. दोघांचीही समजूत अशी की, आपण एक संपूर्ण, सिद्ध आणि चालते यंत्र विकत घेतले आहे. वस्तुतः त्यांनी एका अज्ञात वाहनाचा संपूर्ण पूर्वेतिहास विकत घेतलेला असतो, आणि त्या इतिहासाचे सर्वांत मुके साक्षीदार म्हणजे हेडचे स्टड.

स्टड ही वस्तू शेतकऱ्यांना तरी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पंपाच्या एक-सिलिंडरी इंजिनाचे हेड ज्याने एकदा उतरवले असेल, त्याने ब्लॉकमधून ताठ उभ्या राहिलेल्या, दोन्ही टोकांना आटे पाडलेल्या त्या दांड्या पाहिलेल्या असतात. बोल्टला स्वतःचे डोके असते आणि तो फिरवूनच आवळावा लागतो. स्टड ब्लॉकमध्ये एकदा रोवला की जागचा हलत नाही, त्याच्यावर फिरतो तो नट. या भेदाचा लाभ असा की, हेड उतरवण्या-चढवण्याच्या प्रत्येक प्रसंगी ब्लॉकमधले आटे घासले जात नाहीत, आणि दांडीला ताणाबरोबर जो पीळ बसतो तोही पुष्कळ कमी होतो. म्हणूनच जेथे हेड वारंवार उतरणार किंवा दाब मोठा असणार, तेथे जाणते अभियंते बोल्टापेक्षा स्टडला पसंती देतात.

या दांड्यांवर पडणारा भार किती, याचा साधा हिशेब वाचकाने एकदा स्वतः करून पाहावा. वर उल्लेखिलेल्या प्यूजो इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर भरते. दहनाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोचा दाब धरला, तर हेडला वर उचलून फेकू पाहणारे बल पाच टनांच्या घरात जाते. आणि इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात हा आघात मिनिटाला १,००० वेळा होतो. हल्लीच्या कॉमन रेल डिझेल इंजिनांत हाच दाब याच्या दुप्पट होतो. एवढ्या आघातांपुढे हेड व ब्लॉक यांच्यामधले पत्र्याचे पातळ पॅकिंग टिकते ते स्वतःच्या बळावर नव्हे. हेड आणि ब्लॉक यांना त्या पाच टनांहून कितीतरी अधिक बलाने आधीच एकमेकांवर दाबून ठेवलेले असते, म्हणून ते टिकते. आणि हे आधीचे दाबणे म्हणजेच स्टडचे खरे काम. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो आणि ती निवताना आक्रसून आऱ्या व पुठ्ठे यांना जन्मभर आवळून धरते, त्या जातीचेच हे बंधन आहे. १२ मिलिमीटर जाडीचा, १०.९ प्रतीच्या पोलादाचा आणि १०० मिलिमीटर मोकळ्या लांबीचा स्टड योग्य रीतीने आवळला असता सुमारे ०.३ मिलिमीटर लांबतो आणि त्या लांबण्याच्या बदल्यात पाच टनांहून थोडे अधिक बल देतो. दोन पोस्टकार्डांच्याही जाडीला न पुरणाऱ्या या वाढीवर इंजिनाचे सारे आरोग्य अवलंबून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘एखादा स्टड जरासा लांबला असेल, त्याने काय होते’ या वाक्यातील ‘जरासा’ किती महाग आहे ते कळेल.

येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटेल. स्टड तुटतो तो बहुधा फार आवळल्यामुळे नव्हे, तर पुरेसा न आवळल्यामुळे. जो स्टड भरपूर ताणलेला आहे, त्याच्या वाट्याला दहनाच्या प्रत्येक आघाताचा अल्प अंशच येतो, कारण उरलेला भार हेड व ब्लॉक यांच्यामधील दाब किंचित कमी होऊन शोषला जातो. परंतु जो सैल पडला, त्याला आघाताची प्रत्येक लाट अंगावर घ्यावी लागते, आणि लक्षावधी वेळा ताणला-सोडला जाऊन अखेर तो आट्याच्या मुळाशी थकव्याने तुटतो. हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर या दुःखात आणखी भर पडते, कारण ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. गरम इंजिनात स्टडवरचा ताण वाढतो, थंड इंजिनात उतरतो, आणि हा चढउतार रोजचाच. पाणी कमी पडून इंजिन एकदा भयंकर तापले असेल, तर हेड एवढे फुगते की स्टड आपल्या स्थितिस्थापकतेच्या सीमेपलीकडे ओढला जातो. तो तुटत नाही, दिसावयास सरळच दिसतो, पण पुन्हा पूर्वीच्या लांबीवर येत नाही. भंगारातून आणलेल्या इंजिनाच्या बाबतीत असा प्रसंग कधी येऊन गेला की नाही, हे सांगणारा कोणीही नसतो. आणि इंजिन भंगारात येण्याचे कारण पुष्कळदा नेमका तोच प्रसंग असतो.

मग मेस्त्री काय करतो? तारेच्या ब्रशाने स्टड घासतो, डिझेलने धुतो, आट्यांवरून बोट फिरवतो आणि ‘चालतील’ असा निकाल देतो. मेस्त्रीच्या बोटांविषयी मला आदर आहे. बेअरिंगचा आवाज ऐकून रोग सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. परंतु एक दशांश मिलिमीटरची कायमची वाढ बोटाला कळत नाही, ती व्हर्नियरलाच कळते. नव्या स्टडशेजारी जुना उभा करून लांबी मोजावी. मधल्या दांडीचा व्यास दोनतीन ठिकाणी मोजून कोठे कंबर बारीक झाली आहे काय ते पाहावे. नवा नट हाताने, पान्याशिवाय, आट्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो काय ते अजमावावे. आणि ज्या स्टडाचे बूड पाण्याच्या जॅकेटात उघडे पडत असेल, त्याच्यावर गंजाचे खड्डे आहेत काय ते भिंगातून न्याहाळावे, कारण थकव्याची चीर अशा खड्ड्यातूनच जन्म घेते. एवढ्या परीक्षेला एका इंजिनामागे तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. यात जो स्टड अनुत्तीर्ण होईल तो एकटा न बदलता संपूर्ण संच बदलावा हे उत्तम, कारण एकाच हेडवर निरनिराळ्या वयाचे आणि ताणाचे स्टड असणे म्हणजे पॅकिंगला वाकडा दाब देणे होय.

गंज काढण्याच्या नादात स्टड तेजाबात बुडवणे, किंवा चकाकी यावी म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा चढवून आणणे, हा प्रकार मी गुन्हा समजतो. उच्च प्रतीच्या कठीण पोलादात तेजाबाच्या आणि विद्युत्-मुलाम्याच्या क्रियेतून हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होते. मुलामा दिल्यानंतर तो भाग भट्टीत सुमारे २०० अंशांवर काही तास तापवून हा हायड्रोजन हाकलावा लागतो, पण गल्लीतल्या मुलामेवाल्याकडे दाराचे कडीकोयंडे आणि इंजिनाचे स्टड एकाच कढईतून निघतात. असा स्टड आवळताना तुटत नाही. आवळून झाल्यावर, गाडी मालकाच्या दारात उभी असताना, कोणीही हात लावलेला नसता तो तुटतो, आणि त्याचा दोष मग पॅकिंगवाल्याच्या माथी मारला जातो.

आधुनिक इंजिनांपुरता तर वादच नाही. त्यांच्या हेडचे बोल्ट आवळण्याची रीत अशी असते की, आधी ठरावीक टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, द्यावयाचा आणि मग पाना आणखी ९० अंश, प्रसंगी पुन्हा ९० अंश फिरवावयाचा. यात बोल्ट बुद्ध्याच स्थितिस्थापकतेच्या सीमेपर्यंत किंवा किंचित पलीकडे ओढला जातो. हा बोल्ट एका खेपेचा चाकर आहे. काही निर्माते लांबीची कमाल मर्यादा देऊन तिच्या आत त्याचा पुनर्वापर मंजूर करतात. जेथे ती सनद नाही, तेथे तो पुन्हा वापरणारा मेस्त्री काटकसर करीत नसून मालकाच्या वतीने जुगार खेळत असतो.

इतके वाचून कोणी अशी समजूत करून घेईल की, प्रत्येक इंजिनबदलात जुने सारे उपटून नवे ठोकावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. तसे नाही. ‘सगळे नवेच टाका’ हा उपदेश ‘चालतंय’ या उपदेशाइतकाच अविचारी असू शकतो. बिडाच्या ब्लॉकमध्ये तीसचाळीस वर्षे घट्ट बसलेला, मापात उतरलेला निरोगी स्टड केवळ नव्याच्या हौसेने उपटू गेल्यास तो ब्लॉकच्या तोंडाशीच मोडतो. मग उरलेले बूड गिरमिटाने कोरून काढण्यात भोक वाकडे होते, आटे जातात, हेलिकॉइल बसवावी लागते, आणि चांगला ब्लॉक कायमचा अधू होतो. ज्याला तेथे राहण्याचा हक्क आहे त्याला राहू द्यावे. माझा आक्षेप जुन्याला नाही, न मोजलेल्या जुन्याला आहे.

नवे म्हणजे उत्तमच असते, या श्रद्धेलाही इतिहासाने एक चांगली चपराक दिली आहे. जर्मनीच्या पोर्श कंपनीने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या ९११ गाडीच्या इंजिनाचे क्रँककेस वजन वाचविण्यासाठी मॅग्नेशियमचे ओतावयास सुरुवात केली. इंजिन लहान होते तोवर हे निभावले. परंतु १९७४ पासून २.७ लिटरचे इंजिन सरसकट आले आणि अमेरिकेच्या धूरविषयक नियमांसाठी त्याला उष्णता कोंडणारी साधने जोडली गेली, तेव्हा तापून फुगणाऱ्या सिलिंडरांनी हेडचे पोलादी स्टड मॅग्नेशियमच्या मऊ आट्यांतून अक्षरशः उपटून काढले. यावर कंपनीने योजलेल्या उपायांपैकी एक म्हणजे डिलाव्हार नावाच्या मिश्रपोलादाचे स्टड; त्यांचे उष्णतेने होणारे प्रसरण ॲल्युमिनियमच्या जवळ जाणारे असल्याने ताणाचा चढउतार कमी व्हावा, ही त्यामागची युक्ती. सिद्धान्त निर्दोष होता. व्यवहारात हे महागडे स्टड दमट हवेत गंजाचे खड्डे पडून वर्षांनंतर एकेक करून तुटू लागले, आणि पुढे या इंजिनांची पुनर्बांधणी करणाऱ्या कित्येक जाणत्या कारागिरांनी साध्या पोलादाच्या स्टडांकडेच परत जाणे पसंत केले. १९७८ च्या गाडीपासून क्रँककेस पुन्हा ॲल्युमिनियमचे झाले. जगातील एका अत्यंत कुशल कारखान्याला जेथे दोनदा ठेच लागली, तेथे बाजारात वेष्टणावर मोठमोठी अक्षरे छापून मिळणाऱ्या ‘हेवी ड्यूटी’ संचावर आपण किती विश्वास टाकावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. १०.९ हे आकडे पोलादावर ठोकणे सोपे असते. ती प्रत म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे १०० किलोचा ताण सोसण्याची आणि त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कायमचे न लांबण्याची हमी. हमी देणारा कोण, त्याची पावती कोठे आहे, हे पाहणे गिऱ्हाइकाचे काम आहे.

इंजिनबदलात आणखी एक संकट वाट पाहत असते, ते मापांच्या भाऊबंदकीचे. जुन्या जीपचे आटे इंचांच्या घराण्यातले, फ्रेंच किंवा जपानी इंजिनाचे मिलिमीटरांच्या. अर्ध्या इंचाच्या बारीक आट्याला इंचामागे २० वेढे, म्हणजे दोन वेढ्यांतील अंतर १.२७ मिलिमीटर, १२ मिलिमीटरच्या बारीक आट्याचे अंतर १.२५. परिणामी अर्ध्या इंचाचा नट १२ मिलिमीटरच्या स्टडवर किंचित सैलसा पण बेमालूम फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि टॉर्क चढू लागला की आट्यांचे शेंडे कातरून हाती येतो. इंजिन उतरवले की सारे नट-बोल्ट एकाच घमेल्यात टाकण्याची जी वहिवाट आहे, तिचा हा प्रसाद.

आणि आवळणे! हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय. पान्यावर आपण जे बळ लावतो त्यातील सुमारे निम्मे नटाच्या तळाशी घर्षणात जाते, चाळीस टक्के आट्यांत जिरते, आणि स्टडला ताणण्याच्या कामी जेमतेम दहा टक्के येते. म्हणजे आट्यांत धूळ आहे की तेल, जुना गंज आहे की नवे ग्रीस, एवढ्या फरकाने त्याच टॉर्कवर प्रत्यक्ष ताण कितीतरी कमीजास्त होतो. म्हणून कारखान्याने कोरडा सांगितला असेल तर कोरडा, तेलकट सांगितला असेल तर तेलकट. आपली अक्कल मध्ये घालू नये. ब्लॉकमधील आटे साफ करताना धातू कापणारा टॅप न घालता केवळ साफ करणारा चेसर घालावा. बंद बुडाच्या भोकात तेल साचू देऊ नये, कारण द्रव दबत नाही आणि ब्लॉक मात्र फुटतो. स्टड ब्लॉकमध्ये हातानेच बेताने बसवावा, सारा टॉर्क नटाला द्यावा. मध्यापासून कडांकडे, तीन टप्प्यांत. पान्याला पाइप घालून एका दमात ‘कचकून’ आवळणाऱ्या मेस्त्रीच्या दंडाचे कौतुक गावात पुष्कळ होते. टॉर्क पाना मात्र त्याच गॅरेजात भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो, कधी तर नसतोच.

यावर गॅरेजवाल्याची बाजू मी जाणून आहे. गिऱ्हाईक मजुरीत घासाघीस करते, इंजिन उद्या संध्याकाळी हवे असते, आणि स्टडच्या संचाचे पैसे मागितले तर ‘आधीच्याने नाही मागितले’ असे उत्तर मिळते. ही तक्रार खरी आहे, आणि तिचे मूळ मेस्त्रीच्या लोभापेक्षा मालकाच्या अज्ञानात अधिक आहे. इंजिन गाडीबाहेर काढून फळीवर ठेवलेले असताना स्टड मोजण्यास किंवा बदलण्यास जी तोशीस पडते, ती इंजिन पुन्हा उतरवण्याच्या मजुरीच्या मानाने अगदी किरकोळ असते. आणि पॅकिंग उडून पाणी तेलात मिसळले, तर क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत जे नुकसान पोहोचते त्याच्यापुढे तर ती मोजण्याजोगीही राहत नाही. हा हिशेब मेस्त्रीने मालकाला आधी समजावून सांगितला पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडणारी मुले हे सारे शिकलेली असतात. गॅरेजात रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच त्यांना ते विसरावयास लावण्यात येते, एवढेच.

माझी मागणी मोठी नाही. इंजिनबदलाच्या बिलावर ‘इंजिन काम, एकंदर’ अशी मोघम ओळ न लिहिता हेडच्या स्टडांची स्वतंत्र ओळ असावी. त्यात नवे की जुने, जुने असल्यास मोजलेली लांबी, नवे असल्यास कोणाचे आणि कोणत्या प्रतीचे, आणि किती टॉर्कवर आवळले, एवढे चार तपशील असावेत, व खाली काम करणाऱ्याची सही असावी. जुन्या पद्धतीचे पॅकिंग असेल तर आठशे-हजार किलोमीटरांनंतर इंजिन थंड असताना नट पुन्हा तपासण्याची तारीखही तेथेच घालावी. आणि काढलेले जुने स्टड मालकाने मागून घ्यावेत, मग आपल्यादेखत कटरने त्यांचे दोन दोन तुकडे करून मगच भंगारवाल्याच्या तराजूत टाकावेत. नाहीतर घासूनपुसून, मुलामा चढवून, नव्या पुडक्यात बांधलेला तोच संच दुसऱ्या कोणाच्या इंजिनावर चढण्यास फार दिवस लागत नाहीत.